पट्ट्यातलं गवत

९ जुलै

सकाळी चराईबंदीचा कागद ऑफिसच्या दारावर चिकटवला आणि दुपारी सगळ्यांत आधी माझ्या सख्ख्या आत्याच्या शेळ्या पट्ट्यातून बाहेर काढल्या. दारावरची खळ अजून वाळलीसुद्धा नव्हती.

मुद्दामच केलं. वनाधिकारी म्हणून बदली होऊन मी माझ्याच वस्तीत आले, त्या दिवसापासून चहाच्या टपरीवर एकच विषय आहे: आता आत्याबाईंना जंगल आंदण मिळणार. मिळणार काय, बघाच म्हटलं.

पट्टा म्हणजे उताराच्या पायथ्याची लांबट जमीन. वर जंगल, खाली वस्ती, मधे हा. कागदावर राखीव वन, प्रत्यक्षात आत्याच्या शेळ्यांचं ताट. एक झुडूप उभं राहू देत नाहीत. जमीन चाटूनपुसून ठेवलेली, नुसते दगड आणि लेंड्या. वनखात्याच्या जमिनीची ही अवस्था बघून मला लाज वाटायची.

आत्या घराच्या पायरीवर उभी राहून बघत होती. मी शेवटची शेळी बाहेर ढकलली तेव्हा म्हणाली, "कोणी सांगितलं हे तुला?"

"कोणी कशाला सांगायला हवं? इथली अधिकारी मी आहे."

"अगं, तुझं नाक पुसलंय मी!"

"म्हणूनच तुझ्यापासून सुरुवात केली."

वकीलसाहेब मधे ओरडले. हा तिचा म्हातारा बोकड. कोणी काही बोललं की उत्तर दिल्याशिवाय राहत नाही, म्हणून वकील. आत्या म्हणाली, "बघ, त्यालाही पटलेलं नाही." मला हसू येत होतं, पण वनरक्षक शेजारी होते म्हणून दाबलं.

१७ ऑगस्ट

आत्या माझ्याशी बोलत नाही. रोज सकाळी क्वार्टरवर दुधाची किटली यायची, तीही बंद. रुसू दे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं, त्यामुळे तिचे रुसवे मला पाठ आहेत.

पट्ट्यातलं गवत मात्र बघत राहावं असं आलंय. गुडघ्याच्या वर! इतकी वर्षं ही जमीन मेली असं सगळे समजत होते. फोटो काढून मोठ्या साहेबांना पाठवले. त्यांचं उत्तर आलं, "छान. असंच चालू ठेवा." साहेब कधी कोणाला छान म्हणत नाहीत.

मिशीवाल्यांनी तक्रार केली. हे आमचे सगळ्यांत जुने वनरक्षक, बाबांच्या हाताखाली लागलेले. मिशा सोडल्या तर अंगात काही जोर नाही. म्हणाले, "बाई, त्या गवतातून गस्त घालायची म्हणजे पँट भिजते, शिवाय जनावराची भीती."

"गमबूट घाला," मी म्हटलं.

२१ सप्टेंबर

आज उतार वरपासून खालपर्यंत पायी उतरले. मनातली शंका खरी निघाली. या जंगलात लहान झाड नाही.

सगळी म्हातारी. वर बघितलं तर काय दाट वाटतं! खाली पाय ठेवला की पोटरीपर्यंत वाळका पाला. त्यात एकही रोप नाही. या झाडांची बोंडं, शाळेच्या पुस्तकात ज्यांना शंकू म्हणतात ती, राळेनं गच्च बंद असतात. धग लागल्याशिवाय उघडत नाहीत. एक बोंड घरी आणून तव्यावर ठेवलं. थोड्या वेळानं खवले सुटले आणि पंखवाल्या बिया ओट्यावर सांडल्या. किती वर्षं आत बसून होत्या कोणास ठाऊक.

म्हणजे आग हवी. लहान, थंडीतली, आपल्या ताब्यातली. पाला जळेल, बोंडं उघडतील, जमिनीवर ऊन येईल. आणि हा पाला असाच साठत गेला तर एखाद्या उन्हाळ्यात वणवा लागेल तो बोंडंही खाईल, झाडंही खाईल आणि वस्तीही.

इथं बाबांचं नाव मधे येतं. बाबा वरच्या मनोऱ्यावर आगराखे होते. सगळी नोकरी त्यांनी धूर शोधण्यात आणि ओल्या पोत्यांनी आग झोडपण्यात घालवली. त्यांच्या काळात एकही वणवा खाली उतरला नाही. अजून लोक सांगतात. आत्या रोज त्यांचा डबा घेऊन तो चढ चढायची, आणि त्यांचा धाक असा की तिनं चूलसुद्धा कधी उघड्यावर पेटवली नाही. मला वाईट वाटतं, पण लिहायलाच हवं: बाबांनी विझवली ती प्रत्येक आग आज पाला होऊन तिथं पडून आहे.

संध्याकाळी आत्याला हे सांगायला गेले. वाटलं, एवढी मोठी गोष्ट सांगितली तर रुसवा जाईल. तिनं पूर्ण ऐकून घेतलं.

"म्हणजे तुझ्या बापानं जन्मभर विझवलं आणि तू पेटवणार?"

"आत्या, थोडं समजून..."

"मला समजतं. त्याला मूर्ख ठरवायला आली आहेस इथं."

मी चिडून निघून आले. ती कबूल करेल, एक दिवस तिच्या तोंडून वदवून घेईनच.

१४ ऑक्टोबर

परवानगी मिळाली! साहेब आधी नाही म्हणाले, मग बघू म्हणाले, मग मी त्यांच्या खनपटीला बसले तेव्हा म्हणाले, "करा एकदाचं. पण काही झालं तर मला काही माहीत नव्हतं." एवढा आशीर्वाद पुष्कळ झाला.

आराखडाही करून टाकला. पहिल्या वर्षी अर्धाच उतार. तीन बाजूंना जाळरेषा काढायच्या, म्हणजे पाला, फांद्या, मुळं काढून जमिनीची रुंद पट्टी कोरी करायची. आग तिथं आली की खायला काही नाही म्हणून विझते. चौथी बाजू खालची. तिथं आपला पट्टा आयताच आहे. गेल्या वर्षीच्या पाहणीत तो "उघडी, खडकाळ जमीन" असा नोंदलेला आहे, तोच मजकूर उचलला. एवढी खणाई वाचली.

आग माथ्यावरून लावायची, म्हणजे ती रांगत रांगत खाली येते. वर चढणारी आग धावते, खाली उतरणारी चालते.

२८ नोव्हेंबर

तिन्ही जाळरेषा झाल्या. मी स्वतः फावडं घेऊन उभी राहते त्यामुळे मजुरांना बसता येत नाही आणि मिशीवाल्यांना चहाला जाता येत नाही. प्रत्येक रेषा पायी चालून तपासली. एक काडी दिसली तरी परत झाडायला लावते. मला आता मागं "झाडूबाई" म्हणतात हे मला कळलंय. म्हणू देत.

खाली उतरताना पट्टा दिसला. गवत वाळून सगळा पिवळाधमक झालाय. कमरेएवढं उंच, वारा आला की सळसळतं. काय देखणं दिसत होतं! फोटो काढला.

आत्याच्या शेळ्या आता घराच्या पुढच्या अंगाला खुंट्यांना बांधलेल्या असतात. आत्या लांबून पाला कापून आणते, पाठीवर भारा घेऊन येताना दिसली. मी भारा घ्यायला पुढं झाले तर म्हणाली, "राहू दे. सरकारी कपडे मळतील." या वयात एवढा हट्ट कशाला? विकून टाकाव्यात शेळ्या, मी काय तिला उपाशी ठेवणार आहे का?

११ जानेवारी

उद्या. हवा शांत आहे, दव पडतंय, सगळं हवं तसं.

खरं सांगायचं तर भीती वाटते. जाळरेषांची नाही, त्या पक्क्या आहेत. भीती वाटते ती काडी ओढताना बाबा आठवतील याची. पण मी मागं हटणार नाही. वस्तीत सगळ्यांना धुराचं सांगून आले. आत्या म्हणाली, "शेळ्यांना धूर सोसत नाही. गोठ्यात कोंडते." एवढंच. दार लावून घेतलं.

१३ जानेवारी

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आज लिहिते, जसं झालं तसं.

सकाळ सुंदर गेली. आग माथ्यावरून निघाली, गुडघ्याच्या खाली, रांगत. पाला जळत होता, खोडं नुसती काळी होत होती. दुपारनंतर बोंडं तडकायचा आवाज यायला लागला. मिशीवाल्यांनीसुद्धा टोपी काढली. मी रडले थोडी. कोणी बघितलं नाही.

आग पट्ट्याच्या काठाशी आली तेव्हा आम्ही सगळे वरच होतो. खाली कोणी ठेवलंच नव्हतं. काय ठेवायचं, जमीन उघडी ना! तिथं ती विझणार होती. ती विझली नाही. उभी राहिली. दिवसभर चाललेली आग क्षणात पुरुषभर उंच झाली आणि धावत सुटली. आवाज आला तो अजून कानात आहे.

मी कशी खाली पोचले आठवत नाही. जळलेल्या भागातून सरळ घसरत आले, बुटांचे तळ वितळले. आत्याच्या गोठ्यावर वाळक्या पाल्याची गंजी होती, ती पेटली होती. शेळ्या दार आतून ढकलत होत्या. आत्या कडी काढत होती, आणि कडी लोखंडी.

शेळ्या बाहेर आल्या. वकील आला नाही. तो सगळ्यांत मागं, कोपऱ्यात बांधलेला होता. ओरडत होता तोवर आम्ही दोघी आत जायचा प्रयत्न करत होतो. मग ओरडायचा थांबला.

पुढं सडकेवर आग संपली. माणसं सगळी वाचली. आत्याचा उजवा तळहात सोलला गेलाय. दवाखान्यात पट्टी बांधताना ती डॉक्टरांना म्हणाली, "आमची पोरगी आहे ना, तिच्या पायाचं आधी बघा."

१४ जानेवारी

मोठे साहेब आले. गाडीतून उतरल्यापासून कपाळाला हात लावूनच होते. अर्धा उतार काळा, पट्टा काळा, गोठ्याची राख, वस्तीतली माणसं चिडलेली. चूक कुठं झाली मला कळत नव्हतं. वारा फिरला म्हणावं तर फिरला नव्हता. जाळरेषा शाबूत होत्या.

साहेबांनी आत्याला विचारलं, "बाई, नक्की काय झालं?"

आत्या हाताला पट्टी बांधून खाटेवर बसली होती. शांतपणे म्हणाली, "माझ्याच चुलीची ठिणगी. मागं उघड्यावर चूल मांडली होती, शेळ्यांना पाणी तापवायला. उडाली गंजीवर. ह्यांची आग तर कधीच विझली होती वर."

उघड्यावर चूल! आत्यानं! मी तोंड उघडलं तर लहानपणी पाहुण्यांसमोर बघायची तसं तिनं माझ्याकडे बघितलं.

साहेबांचा चेहरा खुलला. बाहेर येऊन म्हणाले, "वाचलात. हेच लिहू. कार्यक्रम पुढं चालू राहील, उरलेला उतार पुढच्या वर्षी. नाहीतर तुम्हाला कळतंय ना, हे प्रकरण वर गेलं तर पुन्हा कोणी काडी लावू देणार नाही."

मला राग आलाय. तिला माझी कीव आली म्हणून ती खोटं बोलली. नाहीतर मला उपकाराखाली ठेवायचं असेल. सहा महिने बोलत नाही आणि आता हे!

१६ जानेवारी

आज पट्ट्यात एकटी फिरले. सगळं काळं. आत्याचं घर मात्र उभं आहे, पुढच्या भिंतीला काजळीसुद्धा नाही. गोठा जळतो आणि त्याच्या शेजारचं घर वाचतं कसं? मी घराच्या पुढं गेले. तिथं खुंट्या आहेत. प्रत्येक खुंटीभोवती शेळीची दोरी पोचते तेवढी जमीन बोडकी होती. दगड आणि लेंड्या. गोलाला गोल लागून घरासमोर कोरी जमीन तयार झाली होती. आग त्या काठापर्यंत आली होती आणि तिथं थांबली होती. काठ कात्रीनं कापल्यासारखा.

मी खाली बसले.

पट्ट्यात चौथी जाळरेषा होती. वर्षानुवर्षं शेळ्या ती काढत होत्या, फुकट, रोज. मी ती बंद केली, तिथं कमरेएवढं गवत वाढवलं, त्याचे फोटो काढले, आणि मग आराखड्यात लिहिलं की जमीन उघडी आहे. आणि हे कोणाच्याच लक्षात आलं नाही. आत्याच्याही नाही, तिला फक्त चारा दिसायचा, मला फक्त कागद.

दुपारी साहेबांना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी सगळं पुन्हा एकदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "तुम्हाला उरलेला उतार जाळायचा आहे की नाही?"

"आहे साहेब. म्हणूनच सांगते. चुलीची ठिणगी लिहिली तर पुढच्या आराखड्यातही पट्टा उघडाच राहील. त्या वेळी घर जाईल."

"तुमच्यावर येईल सगळं."

"येऊ द्या."

मग आत्याकडे गेले. तिला सांगितलं की मी खरं सांगून टाकलं. ती इतकी भडकली की पट्टीचा हात खाटेवर आपटला आणि कळवळली. "मी साहेबांसमोर खोटी पडले! या वयात! माझं एक खोटं तुला सांभाळता आलं नाही?"

"का बोललीस पण खोटं?"

"तू त्या दिवशी वर रडत होतीस म्हणे. मिशीवाल्यांनी सांगितलं." आणि तिनं भिंतीकडे तोंड केलं.

याचा आणि त्याचा काय संबंध, मला समजलं नाही.

५ मार्च

चौकशीची माणसं येऊन गेली. मला लेखी ताकीद मिळाली, पगारवाढ थांबली. उरलेल्या उताराचा जाळ "पुढील आदेशापर्यंत स्थगित". त्यांच्यातला एक म्हणाला, आता आग नकोच, पट्ट्यात झाडं लावून टाका. दुसरा म्हणाला, पट्टा सिमेंटचा करा. मी म्हटलं, पट्टा शेळ्यांना द्या. दोघं हसले.

हसू देत. अर्ज लिहिला: पट्ट्याचा वापर बदलून तो चराईपट्टा करावा, शेळ्या किती आणि कुठल्या महिन्यात ते ठरवून द्यावं, गवत घोट्याच्या वर जाऊ नये. अतिचराईनं माती धुऊन जाते तेही खरं, म्हणून पावसात थोडी विश्रांती द्यावी. आणि उताराचा जाळ स्थगित ठेवला तर पाला वाढतच जाईल, हेही लिहिलं. परत आला तर पुन्हा पाठवीन.

मजुरांसोबत आत्याचा गोठा बांधतेय. पत्रा पत्र्यावर बसत नाही. आत्या खाटेवरून चुका काढते. म्हणजे बोलते.

२ मे

अर्ज तिसऱ्यांदा पाठवला. साहेबांनी स्वतःची शिफारस जोडली आहे, मला न सांगता. कारकुनाकडून कळलं.

२० जून

मंजूर! चराईपट्टाही आणि थंडीतला जाळही, एका अटीवर: आग लावण्याआधी पट्टा मी स्वतः पायी चालून बघायचा आणि तसं लिहून द्यायचं. हे तर मी न सांगताही केलं असतं. चराईबंदीचा जुना कागद दारावरून खरवडून काढला. खळ फार घट्ट होती, नखं दुखली.

२६ जुलै

आत्या म्हणाली, "वर ने मला." बाबा गेल्यापासून ती उतारावर चढलेली नाही. सावकाश गेलो. तिचा उजवा तळहात अजून पूर्ण मिटत नाही, म्हणून डाव्या हातात काठी.

जळलेल्या भागात शिरल्याबरोबर ती थांबली. आधी तिला ते गवत वाटलं. मग ती खाली बसली आणि बोटांनी चाचपू लागली. काडीएवढाली रोपं, प्रत्येकाच्या डोक्यावर हिरव्या सुयांचा झुपका. पाय ठेवायला जागा नाही इतकी. काळ्या खोडांच्या मधे, लांबवर, सगळीकडे.

"ही सगळी यंदाची?"

"हो."

"आणि आधी?"

"नव्हती."

तिनं एका रोपाभोवतीची काळी माती बोटानं बाजूला केली. मग म्हणाली, "म्हणजे भाऊनं सगळी नोकरी यांनाच अडवून धरलं. आणि मी त्याला डबे पोचवले."

हेच मला तिच्या तोंडून ऐकायचं होतं. वर्षभर याच वाक्यासाठी भांडले. आणि तिनं ते म्हटल्यावर मला तिचा चेहरा बघवेना.

मी घाईघाईनं म्हटलं, "नाही गं. तसं काही नाही. थोडी रोपं आधीही असायचीच इथं. माझंच लक्ष गेलं नसेल. आणि बाबांनी वस्ती राखली, ते काय कमी आहे?"

आत्यानं मान वर करून माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं.

"तुला खोटं बोलता येत नाही," ती म्हणाली. "त्यालाही येत नव्हतं."

मग तिनं उजवा हात पुढं केला, मिटत नाही तो, आणि मी तिला जपून उभी केली. ती माझा खांदा धरून उरलेल्या अर्ध्या उताराकडे बघत राहिली. तिकडं पाला तसाच पडलेला आहे.

"ते कधी पेटवतेस?"

"थंडीत."

"मला आधी सांग," आत्या म्हणाली. "शेळ्यांना वेळ लागतो."